बाबांच्या डोळ्यात मांसही वाढलंय आणि मोतीबिंदूही, लेन्स कोणती घ्यावी?

हर्णै_बंदर विचारतात:

नमस्कार मंडळी. बाबा ६६ वर्षांचे, तांडेल (मासेमारी बोटीचे प्रमुख). आता खोल समुद्रात जात नाहीत, पण पहाटे अंधारात बोट लागली की धक्क्यावर, संध्याकाळी लिलावाला आणि मधल्या वेळात जाळी दुरुस्त करत बसलेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजवा जास्त. उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूने मांस वाढून (टेरिजियम) बुबुळावर साधारण अडीच मिमी आलंय. डावा त्या बाबतीत स्वच्छ.

मोजणीचा कागद असा:
उजवा: डोळ्याची लांबी २३.४० मिमी, के रीडिंग (बुबुळाच्या वक्रतेचं माप) ४२.२५ (१८० अंशांवर, म्हणजे आडवं) आणि ४४.५० (९० अंशांवर, म्हणजे उभं).
डावा: लांबी २३.४५ मिमी, के रीडिंग ४३.७५ (१८०) आणि ४४.२५ (९०).

डोळ्यामागच्या पडद्याचा ओसीटी (स्कॅन) ठीक, काचबिंदू नाही, साखर नाही. औषध म्हणाल तर प्रोस्टेटसाठी रात्री टॅम्सुलोसिनची एक गोळी, दोन वर्षांपासून.

काउन्सेलर बाईंनी उजव्या डोळ्यासाठी टोरिक ट्रायफोकल (बुबुळाच्या असमान वक्रतेचा नंबरही घालवणारी, तीन अंतरांची लेन्स) सुचवली आहे, म्हणजे 'चष्मा कायमचा सुटेल'. दुसरा पर्याय साधी फोल्डेबल मोनोफोकल (एकाच अंतराची, दुमडून आत घालायची लेन्स). किमतीत काही पटींचं अंतर आहे. महाग घेण्यात अर्थ आहे का? मांस आणि मोतीबिंदू एकाच वेळी काढून घ्यावं का? आणि जून-जुलैच्या मासेमारी बंदीत उरकून टाकू असं घरचे म्हणतात. पावसाळ्यात चालतं ना?

बायोमेट्री_रत्नागिरी:

लेन्स कोणती हे नंतर बघू. तुमच्या कागदावर उजव्या डोळ्याचा सिलिंडर (आडव्या आणि उभ्या वक्रतेतला फरक) सव्वादोन येतो (४४.५० वजा ४२.२५) आणि डाव्याचा फक्त अर्धा. खरं पाणी इथेच मुरतंय. नाकाकडून आलेलं मांस बुबुळाला आडव्या रेषेत चपटं करतं, त्यामुळे आडवं रीडिंग खाली येतं आणि उभं त्या मानाने जास्त दिसतं. तुमच्या कागदावर नेमकं तेच आहे. या सव्वादोनपैकी बराचसा भाग बाबांच्या बुबुळाचा मूळचा नसून मांसाच्या ओढीचा असणार. दुसऱ्या डोळ्याने साक्षच दिली आहे.

या आकड्यांवर आज टोरिक बसवली आणि पुढे मांस काढलं, तर बुबुळ बरंचसं मूळ आकारावर येईल, पण लेन्समधला सिलिंडर तसाच राहील आणि उलट बाजूचा नंबर उभा करेल. साध्या लेन्सलाही हा घोळ चुकत नाही. उजव्याची सरासरी के आज ४३.४ च्या आसपास आहे. त्यावर हिशेब केला तर लेन्सची पॉवर साधारण २१ येते. मांस निघाल्यावर सरासरी ४४ कडे सरकली, की त्याच लेन्सने डोळा उणे अर्धा-पाऊण नंबरचा होतो आणि लांबचं धूसर दिसतं.

लांबीचे आकडे मात्र विश्वासाचे वाटतात. दोन डोळ्यांत ०.३ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर फेरमोजणी करावी, तुमचा ०.०५ आहे. तरी एक विचारून घ्या: लांबी प्रकाशाच्या मशीनवर घेतली की बुबुळाला टेकवायच्या ए-स्कॅनने (ध्वनिलहरींच्या मशीनने)? टेकवताना हात जड पडला तर लांबी कमी येते, आणि १ मिमीच्या चुकीला अडीच ते तीन नंबरचा फटका बसतो. पूर्ण पांढऱ्या मोतीबिंदूतून प्रकाशाचं मशीन वाचूच शकत नाही, तिथे ए-स्कॅनला पर्याय नाही. 'पिकू दे, मग काढू' या सवयीचा हा एक तोटा.

के रीडिंग घ्यायच्या आधी डोळ्यात कुठलाही थेंब टाकू देऊ नका, प्रेशरही नंतर तपासावं. उन्हात आणि खाऱ्या वाऱ्यात काम करणाऱ्यांचे डोळे कोरडे असतात, आणि कोरड्या बुबुळावर दर मोजणीला वेगळा आकडा येतो. तसं होत असेल तर कृत्रिम अश्रूंचे थेंब दिवसातून चार वेळा, दोन आठवडे घालून पुन्हा मोजायचं.

फेको_सर्जन:

वरच्या उत्तराशी सहमत. क्रम असा लावेन: आधी उजव्याचं मांस काढणं, डोळ्याच्याच पांढऱ्या भागावरच्या पातळ त्वचेचा तुकडा तिथे लावून. नुसतं खरवडून मोकळं सोडलं तर ते फार वेळा परत येतं, म्हणून 'ग्राफ्ट लावणार ना?' हे विचाराच. त्यानंतर निदान सहा आठवडे थांबायचं, मग दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा के घ्यायचं. दोन्ही वेळचे आकडे अर्ध्या नंबरच्या आत जुळले, तर पुढे जायचं.

त्या काळात बसून राहायची गरज नाही. डावा डोळा स्वच्छ आहे, मोजणी खात्रीची आहे, त्याचा मोतीबिंदू आधी काढता येतो. डाव्याचा निकाल हाती आला की उजव्याची पॉवर आणखी नेमकी ठरवता येते.

आता ट्रायफोकल. ही लेन्स आत आलेला प्रकाश वाटून देते: निम्म्याच्या आसपास लांबसाठी, उरलेला ६०-८० सेंमी आणि ४० सेंमीसाठी. भर उजेडात वर्तमानपत्र वाचणाऱ्याला ती छान चालते. पहाटे चार वाजता धक्क्यावर उभं राहून बोटींचे दिवे ओळखायचे तर प्रत्येक दिव्याभोवती कडी दिसतात आणि काळ्या पाण्यावरची काळी दोरी पुसट होते. मेंदूला याची सवय व्हायला तीन ते सहा महिने लागतात, आणि काहींना ती होतच नाही. शिवाय पाऊण नंबरपेक्षा जास्त सिलिंडर उरला तर ट्रायफोकलचा फायदा पाण्यात जातो. मांस काढलेल्या बुबुळावर एवढी नेमकी हमी कोण देणार? मी तरी तांडेलाला ही लेन्स देणार नाही.

मी देईन ती मोनोफोकल, हायड्रोफोबिक अॅक्रिलिक (पाणी न शोषणाऱ्या मऊ प्लास्टिकची), चौकोनी कडेची. कड चौकोनी असली की मागची पिशवी (लेन्स जिच्यात बसवतात तो पातळ पापुद्रा) गढूळ व्हायचं प्रमाण कमी राहतं. बजेट असेल तर 'एन्हान्स्ड मोनोफोकल', तिने हातभर अंतरावरचं थोडं सुधारतं आणि कडी जवळपास साध्या लेन्सइतकीच. मांस निघून बुबुळ स्थिर झाल्यावरही एकपेक्षा जास्त सिलिंडर उरला, तर तेव्हा टोरिकचा विचार. टोरिक एक अंश फिरली की तिचा सुमारे ३.३ टक्के परिणाम जातो, ३० अंश फिरली की सगळाच. म्हणून खुणा रुग्णाला बसवून करायच्या असतात, आडवं झाल्यावर डोळा थोडा फिरतो.

सगळ्यात महत्त्वाचं तुम्ही जाता जाता लिहिलंत: टॅम्सुलोसिन. या गोळीमुळे बाहुलीचा पडदा सैल पडतो, ऑपरेशनमध्ये फडफडतो आणि बाहुली मध्येच आकसते. गोळी बंद करूनही परिणाम पूर्ण जात नाही, आणि मनाने बंद केली तर लघवी तुंबायची. फक्त सर्जनला आधी स्पष्ट सांगा, केसपेपरवर मोठ्या अक्षरात लिहून घ्या. बाहुली धरून ठेवायचे हुक किंवा रिंग आणि फिनाइलेफ्रिन (बाहुली मोठी ठेवणारं औषध) तयार ठेवली, तर प्रकरण हाताबाहेर जात नाही.

आणि 'पिशवी फाटली तर कुठली लेन्स?' हेही आधी विचारून ठेवा. अशा वेळी तीन तुकड्यांची लेन्स पिशवीच्या पुढे बसवतात. एकसंध टोरिक किंवा ट्रायफोकल तिथे ठेवायची नसते. महाग लेन्सचे पैसे भरून ती बसलीच नाही तर परतावा कसा, ते लेखी घ्या.

हर्णै_बंदर:

मनापासून आभार. टॅम्सुलोसिनचं कुणी विचारलंच नव्हतं. दोन शंका. हर्णैहून प्रत्येक फेरीला दिवस जातो, म्हणून दोन्ही एकदम उरकता येत नाही का? आणि मोनोफोकल घेतली तर जाळ्याची गाठ कशी दिसणार? बाबांना लांबचं आणि गाठ, दोन्ही हवं.

फेको_सर्जन:

एकदम करतात, चूक नाही. ज्याला पुन्हा येणं शक्यच नाही त्याच्यासाठी तो मार्ग आहे. पण मग पॉवर अंदाजाने ठरते आणि नंतर चष्म्याचा नंबर राहतो, हे मान्य करून. टोरिक किंवा ट्रायफोकल मात्र एकत्र ऑपरेशनात नकोच.

चष्मेवाला_चिपळूण:

गाठीचं उत्तर मोजपट्टीत आहे. बाबा नेहमीसारखे जाळं घेऊन बसलेले असताना डोळ्यापासून हातातल्या सुईपर्यंतचं अंतर मोजा. १०० ला सेंटिमीटरने भागलं की लागणारा नंबर येतो: ५० सेंमीला +२, ४० ला +२.५. दोन्ही डोळे लांबसाठी ठेवले तर जाळ्यापुरता एवढाच साधा चष्मा, तोही स्वस्त.

दुसरा मार्ग मोनोव्हिजनचा. जो डोळा प्रबळ तो लांबसाठी, दुसरा मुद्दाम उणे सव्वा ते दीड ठेवायचा. उणे दीडला ६५ सेंमीच्या आसपास स्पष्ट दिसतं: लिलावातले पैसे, मोबाइलवरचा फोन नंबर चालून जातात, बारीक गाठीला चष्मा लागेलच. कोणता डोळा प्रबळ ते असं बघा: दोन्ही तळवे पुढे करून मध्ये लहान भोक ठेवा, त्यातून दूरचा खांब बघायला सांगा, मग एकेक डोळा झाका. जो झाकल्यावर खांब नाहीसा होतो तो प्रबळ. उजव्यात मोतीबिंदू जास्त असल्याने चाचणी फसू शकते, दोन-तीनदा करा. आणि बोटीवर उडी मारून चढणाऱ्या माणसाला दोन डोळ्यांत दीडचा फरक दिला, तर अंतराचा अंदाज थोडा चुकतो. बाबांच्या कामाला मी दोन्ही डोळे लांबसाठीच म्हणेन.

बायफोकल चष्मा (वर लांबचा, खाली जवळचा नंबर) करू नका. खालच्या भागातून धक्क्याची पायरी अंधुक दिसते, ओल्या शेवाळावर पाय गेला की संपलं. जवळचा चष्मा दोरी लावून गळ्यात.

फाइल_आणि_बिलं:

पैशांचं थोडं. विमा असेल तर पॉलिसी काढून बघा. मोतीबिंदूला बहुतेक ठिकाणी सुरुवातीची दोन वर्षं थांबावं लागतं आणि दर डोळ्यामागे रकमेची मर्यादा असते. टोरिक, ट्रायफोकलचा वरचा खर्च सहसा आपल्याच खिशातून. विमा नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या शिबिराला कमी लेखू नका. तिथे पुष्कळदा सहा मिमीच्या आसपासच्या छेदातून बिनटाक्याची शस्त्रक्रिया करतात. दगडासारख्या कडक मोतीबिंदूला ती फेकोपेक्षा (लहान छेदातून ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढण्यापेक्षा) बुबुळाला सोपी जाते. सिलिंडर थोडा जास्त राहतो, इतकंच.

लेन्सच्या खोक्यात चिकटपट्ट्या येतात. त्यावर मॉडेल, पॉवर, सिरीयल नंबर आणि मुदत असते. एक केसपेपरवर, एक तुमच्या कार्डावर हवी. ऑपरेशनच्या आधी ठरलेली पॉवर कागदावर लिहून घ्या आणि घरी आल्यावर पट्टीशी जुळवा. पुढे दुसऱ्या डोळ्याच्या वेळी हे कार्ड सोबत न्या.

बायोमेट्री_रत्नागिरी:

पावसाचं राहिलं. मोतीबिंदूला ऋतू नसतो, थिएटर स्वच्छ असलं की झालं. बंदीच्या काळात उरकायचं तर एप्रिलमध्ये मांस काढा, म्हणजे जूनमध्ये मोजणी करता येईल. उजवा जुलैच्या सुरुवातीला केला तर बोटी सुटायच्या वेळी थेंब संपत आलेले असतील. स्टेरॉइडचे थेंब चार ते सहा आठवडे हळूहळू कमी करत न्यायचे असतात, मनाने तोडायचे नाहीत.

पहिला आठवडा डोक्यावरून पाणी नको, विहिरीचं तर मुळीच नको. रात्री शिल्ड लावून झोपायचं. दोन-तीन आठवडे मासळीत हात घालणं, जाळं ओढणं, टोपल्या उचलणं बंद. पावसात छत्रीपेक्षा बाजूने बंद असलेला गॉगल कामाचा. डोळा दुखायला लागला, लाल झाला आणि दिसणं घटलं, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री निघा, विशेषतः पहिल्या आठवड्यात. तो जंतुसंसर्ग असू शकतो आणि त्यात एकेक तास महत्त्वाचा.

चष्म्याचा कायमचा नंबर महिन्या-दीड महिन्याने काढा. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धुकं वाटलं, तर बहुधा मागची पिशवी गढूळ झालेली असते, यॅग लेसरने काही मिनिटांत मोकळी होते. कुणी ट्रायफोकल घेतलीच असेल आणि दिसण्याबद्दल तक्रार असेल, तर मात्र यॅगची घाई करू नका. पिशवी उघडली की लेन्स बदलणं फार अवघड होतं.