सेस्नाची सीट रेल राहिलीच

कमी तास उडणाऱ्या सेस्ना 172 या छोट्या विमानाची वार्षिक तपासणी म्हणजे नुसता सही-शिक्का, असं मत इथे कुणीतरी मांडलंय; ते अजिबात पटलं नाही. उभ्या विमानालाही गंज धरतो, म्हणूनच अमेरिकेत ही मुदत उड्डाणाच्या तासांवर नाही, 12 कॅलेंडर महिन्यांवर आहे.

पण या चर्चेत सीट रेलचा, म्हणजे सीट ज्यावर पुढे-मागे सरकते त्या पट्टीचा, विषय अजून कुणीच काढलेला नाही. एफएएचा (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाचा) 2011-10-09 हा एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह, म्हणजे सुरक्षेसाठीचा सक्तीचा आदेश, त्यासाठीच आहे. सीट जागेवर अडकवणारी लॉकिंग पिन रेलच्या ज्या एकदोन भोकांत कायम बसते, ती भोकं घासून लांबट होतात. आधी भोकांतली माती, खडे व्हॅक्यूमने काढा, मग कॅलिपर (माप घेण्याचं उपकरण) लावून भोकाची लांबी मोजा. 0.36 इंचापर्यंत ठीक, त्यापुढे दर 50 तासांनी मोजायचं, 0.42 ओलांडलं की रेल बदलायची. पिन भोकात किमान 0.15 इंच उतरायलाच हवी. कचऱ्यामुळे ती वरच टेकली तर सीट लॉक झाल्यासारखी वाटते आणि टेकऑफला नाक वर होताच मागे सरकते. पायलट आधारासाठी योक (विमानाचं हँडल) ओढतो, नाक आणखी चढतं, विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल तुटते, आणि तेवढ्या कमी उंचीवर त्यातून सावरायला जागाच नसते. सीट बाहेर काढून रेलवर भेगा शोधणाऱ्या मेकॅनिकलाच काम द्या.