फ्यूज बॅटरीच्या टोकाला हवा : पावसाळाभर उभ्या राहणाऱ्या मोटारसायकलीची चार्जिंगची वायर

प्रेषक : सभासद, इंग्लंड (मूळ गाव देवगड तालुका)
विषय : गावच्या गाडीला कायमची चार्जिंग वायर

मंडळाच्या सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

आमचे घर देवगड तालुक्यात, खाडीच्या तोंडाजवळ आहे. पडवीत माझी ३५० सीसीची मोटारसायकल उभी असते. मे महिन्यात आणि चतुर्थीला मी गावी गेलो की ती चालते, एरवी चुलतभाऊ आठवड्यातून एकदा कुणकेश्वरपर्यंत फेरी मारून आणतो. पण मिरग लागला की तोही तिला बाहेर काढत नाही. गाडी २०२१ सालची, म्हणजे फ्युएल इंजेक्शनची आहे आणि तिला किक नाही. सलग दोन वर्षे चतुर्थीच्या तोंडावर बॅटरी पूर्ण उतरलेली निघाली आणि दोन्ही वेळा नवी घ्यावी लागली.

यंदा मी इथून एक स्वयंचलित चार्जर नेला. दर वेळी सीट उघडावी लागू नये म्हणून तालुक्यातल्या एका गॅरेजमध्ये बॅटरीला दोन तारा कायमच्या जोडून त्यांचा जोड साइड कव्हरखालून बाहेर काढून घेतला. काल भावाने व्हिडिओ कॉलवर ते काम दाखवले, तेव्हा त्या तारांत कुठेच फ्यूज नसल्याचे लक्षात आले. मिस्त्रींचे म्हणणे असे की चार्जर जेमतेम एक अँपिअर देतो, त्यामुळे फ्यूजची गरज नाही. इंग्लिश प्लगमध्ये फ्यूज असतोच, म्हणून मलाही ते तेव्हा पटले होते. पण पडवीच्या वर लाकडी वासे आणि कौले आहेत, शेजारी पावसाळ्यासाठी भरलेले सरपण आहे, आणि घरात आई एकटी असते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.


प्रेषक : ज्येष्ठ सभासद (मालवण आणि लेस्टर)
विषय : उत्तर – गावच्या गाडीला कायमची चार्जिंग वायर

स. न. वि. वि.

तुमचे पत्र वाचले आणि लगेच उत्तर लिहायला बसलो, कारण हे काम पुढच्या आठवड्यावर टाकण्यासारखे नाही. मी व्यापारी जहाजांवर विद्युत अधिकारी होतो. बॅटरीपासून निघणारी आणि फ्यूज नसलेली तार दिसली की ती आधी सोडवायची आणि मग कारण विचारायचे, अशी आमची शिस्त होती. तुमच्या भावाला आजच फोन करून त्या दोन्ही तारा बॅटरीवरून काढायला सांगा. आधी मायनसची काढायची, मग प्लसची. गाडीचा सांगाडा मायनसला जोडलेला असतो. प्लसचा बोल्ट आधी सोडवायला घेतला आणि पाना सांगाड्याला टेकला, तर त्या पान्यातूनच शॉर्ट होतो. मायनस आधी सुटला असेल, तर पाना सांगाड्याला टेकला तरी काही बिघडत नाही. परत जोडताना क्रम उलटा, प्लस आधी आणि मायनस शेवटी.

आता मूळ मुद्दा. चार्जर एकच अँपिअर देतो, हे मिस्त्रींचे म्हणणे खरे आहे. इंग्लिश प्लगमध्ये फ्यूज असतो, हेही खरे आहे. पण धोका चार्जरकडून येतच नाही, तो बॅटरीकडून येतो. प्लगमधला फ्यूज भिंतीपासून चार्जरपर्यंतच्या दोरीसाठी आहे आणि २३० व्होल्टच्या बाजूला काही बिघडले तरच तो वितळतो. चार्जरपासून बॅटरीपर्यंतच्या तारेचे काय होते, हे त्याला कळण्याचा मार्गच नाही. शिवाय चार्जर काढून कपाटात ठेवला, तरी तुमच्या गाडीवरची ती दोन हात लांब तार दिवसरात्र, वर्षभर बॅटरीला जोडलेलीच राहते. तिचे प्लॅस्टिक सांगाड्याच्या कडेवर घासून फाटले किंवा उंदराने कुरतडले आणि प्लसची तांब्याची तार लोखंडाला टेकली, तर आठ अँपिअर-तासांची ही लहानशी दिसणारी बॅटरी तिच्यातून शंभराहून जास्त अँपिअर ढकलू शकते. एक चौरस मिलिमीटरच्या तारेवरचे प्लॅस्टिक तेवढ्या प्रवाहात काही क्षणांत वितळू लागते. तुमच्या पडवीत वर वासे आणि शेजारी सरपण आहे, हे तुम्हीच लिहिले आहे.

म्हणून फ्यूज हवा तो प्लसच्या तारेत, आणि बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतराच्या आत. हे अंतर फार महत्त्वाचे आहे. पुष्कळ जण फ्यूज लावतात, पण हाताला सोपा पडतो म्हणून बाहेरच्या जोडापाशी लावतात. तसे केले की बॅटरी ते फ्यूज हा सगळा भाग उघडाच राहतो, आणि सीटखालून जाणारा, घासण्याची शक्यता असलेला भाग नेमका तोच असतो. फ्यूज पुढच्या तारेचे रक्षण करतो, मागच्या तारेचे करत नाही.

तारेविषयी थोडे लिहितो. घरच्या वायरिंगमधली एकाच जाड कांडीची वायर गाडीवर लावू नये. इंजिनच्या थरथरीने ती आतून तुटते. पुष्कळ बारीक तारांची, गाडीसाठीच विकली जाणारी वायर घ्यावी. आपल्याकडच्या खाऱ्या हवेसाठी तांब्यावर कथिलाचा मुलामा असलेली मिळाली तर उत्तम. पितळेच्या भांड्यांना कल्हई का लावतात ते आपल्या घरात सर्वांना माहीत आहे, त्यातलेच हे तत्त्व आहे. साध्या तांब्याची तार दोन पावसाळ्यांत प्लॅस्टिकच्या आत हातभर लांब काळी-हिरवी पडलेली मी स्वतः सोलून पाहिली आहे. टोकाला गोल लग (बोल्टमध्ये बसणारी धातूची कडी) लावून तो योग्य पकडीने दाबून बसवावा, फक्त डाग देऊन (सोल्डर करून) भागवू नये. डाग जिथे संपतो तिथे तार ताठ होते आणि नेमकी तिथेच तुटते. लगाच्या मानेवर आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी स्लीव्ह चढवावी आणि बोल्ट घट्ट झाल्यावर वरून पातळ व्हॅसलीन फिरवावे.

बाहेरच्या जोडाबद्दल एक गोष्ट नीट तपासा. दोन पिनांच्या चपट्या जोडात एक पिन उघडी असते आणि दुसरी रबराच्या आत असते. बॅटरीच्या बाजूच्या जोडात उघडी पिन मायनसची असली पाहिजे आणि झाकलेली प्लसची. उलट झाले असेल, तर उघड्या प्लस पिनेला सांगाडा टेकताच शॉर्ट होईल. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, लाल-काळ्या रंगांवरही नको. मल्टिमीटर लावून बघा.

कळावे, लोभ असावा.


प्रेषक : सभासद, इंग्लंड (माहेर गुहागर)
विषय : उत्तर – गावच्या गाडीला कायमची चार्जिंग वायर

काकांना नमस्कार. त्यांनी लिहिले ते आमच्या घरी घडून गेले आहे, म्हणून चार ओळी लिहिते.

माझ्या भावाच्या गाडीलाही अशीच बिनफ्यूजची वायर होती. ती बॅटरीपासून निघून सीटच्या पत्र्याच्या काठाखालून जात होती. सीट लावताना दर वेळी ती चिमटली जायची, पण आतले कुणाला दिसणार? एका रविवारी भाऊ वेळणेश्वरला निघाला, आईला मागे बसवले, आणि घाटीच्या पहिल्याच खड्ड्यात जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. त्याने गाडी थांबवून सीट उघडली, तेव्हा वायरचे लाल आवरण वितळून पेट्रोलच्या नळीपासून चार बोटांवर लोंबत होते. पाना हाताशी असल्यामुळे त्याला मायनस सोडवता आला. आईच्या पदराला धुराचा वास संध्याकाळपर्यंत येत होता. त्या दिवशी वायरला चार्जर जोडलेलाही नव्हता, तो घरी फडताळात होता.

फ्यूजसोबत वायरची वाटही बघा, एवढीच माझी विनंती. सीटची कड, सायलेन्सर, चेन आणि हँडल वळताना हलणारा भाग, हे चारही टाळून वायर सांगाड्याला टायने बांधली पाहिजे, आणि बांधून झाल्यावर सीट लावून, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिले पाहिजे.


प्रेषक : सभासद, इंग्लंड (मूळ गाव देवगड तालुका)
विषय : उत्तर – गावच्या गाडीला कायमची चार्जिंग वायर

काका, ताई, दोघांचेही मनापासून आभार.

भावाने काल तारा काढल्या. ताईंनी लिहिले तसाच प्रकार सुरू झालेला होता : साइड कव्हरच्या खाचेपाशी काळ्या तारेवर नखाएवढी जागा घासून चमकत होती, लाल तार तिच्या शेजारीच होती. मल्टिमीटर लावल्यावर जोडही उलटा निघाला, उघड्या पिनेवर प्लस होता.

नव्या वायरसाठी फ्यूज किती अँपिअरचा घ्यावा? आणि चार्जरचा प्लग इंग्लिश आहे, तो सध्या एका बहुदेशी अडॅप्टरवर चालवतो आहोत, ते योग्य आहे का? आणखी एक : पावसाळाभर चार्जर लावूनच ठेवावा का?


प्रेषक : ज्येष्ठ सभासद (मालवण आणि लेस्टर)
विषय : उत्तर – गावच्या गाडीला कायमची चार्जिंग वायर

जोड उलटा निघाला हे वाचून काळजी वाटली, आणि वेळेत सापडला याचे समाधानही वाटले.

एक चौरस मिलिमीटरची तार आणि एक अँपिअरचा चार्जर असेल, तर साडेसात अँपिअरचा चपटा फ्यूज घ्या. तो तपकिरी रंगाचा असतो आणि गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतो. धारक मात्र झाकणाचा, पाणी न शिरणारा घ्या. जादा फ्यूज गाडीतच ठेवा, म्हणजे कधी उडालाच तर कुणी तिथे तारेचा तुकडा किंवा चांदीचा कागद गुंडाळणार नाही. फ्यूज उडाला तर आधी कारण शोधायचे, मग नवा बसवायचा.

अडॅप्टर वापरू नका. इंग्लिश चपट्या पिना त्यात सैल बसतात, सैल जागी ठिणगी पडते, आणि दमट हवेत पिना लवकर काळवंडतात. परवानाधारक वायरमनकडून दोरीला आपल्याकडचा गोल पिनांचा, सहा अँपिअरचा प्लग बसवून घ्या. त्यासोबत प्लगमधला फ्यूज जाईल, म्हणून पडवीच्या त्या सर्किटवर सहा अँपिअरचा एमसीबी (जादा प्रवाह गेला की आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी (वीज जमिनीकडे गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे ना, हे त्यालाच तपासायला सांगा. तुमच्या आई तिथे एकट्या असतात, त्यामुळे हा खर्च चार्जरच्याही आधी करण्यासारखा आहे.

पावसाळाभर जोडून ठेवण्याविषयी माझे मत वेगळे आहे. इंग्लंडात लोक थंडीचे चार महिने गॅरेजमध्ये चार्जर लावून ठेवतात, आणि तिथे ते ठीक आहे. कोकणात वीज जाते, येते, गडगडाटात लाइनवर झटके येतात, आणि चार्जरवर लक्ष ठेवणारे कुणी नसते. गाडी बंद असतानाही तिचे घड्याळ आणि इंजेक्शनचा संगणक थोडा प्रवाह घेत राहतात. समजा तो २ मिलिअँपिअर असला, तर शंभर दिवसांत ४.८ अँपिअर-तास जातात, म्हणजे तुमच्या आठच्या बॅटरीतले अर्ध्याहून जास्त. बॅटरी स्वतःहून उतरते ते वेगळेच, आणि उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसून ती कायमची जाते. तुमच्या दोन बॅटऱ्या अशाच गेल्या असाव्यात. पण यावर उपाय म्हणून तीन महिने अखंड चार्जिंग करण्याची गरज नाही. दर पंधरा दिवसांनी, कोरड्या दिवशी, भाऊ घरात असताना एक दिवस चार्जर लावला तरी पुरे. आधी चार्जर गाडीच्या जोडाला लावायचा, मग भिंतीवरचे बटण. काढताना आधी बटण. पडवीचे दार उघडे ठेवा, कारण चार्ज होताना बॅटरीतून थोडा हायड्रोजन निघू शकतो आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी पेट घेतो. चूल, उदबत्ती, विडी यांपैकी काहीही जवळ नको.

चार्जर काढल्यानंतर जोडावर रबरी टोपी बसवा आणि जोडाचे तोंड खाली राहील असे बांधा, म्हणजे पाणी आत न साठता निथळून जाईल.


प्रेषक : सभासद, इंग्लंड (मूळ गाव देवगड तालुका)
विषय : उत्तर – गावच्या गाडीला कायमची चार्जिंग वायर

काका, सादर नमस्कार.

काम झाले. भावाने रत्नागिरीहून कथिलाच्या मुलाम्याची वायर, झाकणाचा फ्यूजधारक आणि पाच तपकिरी फ्यूज आणले, आणि वायरमनना घरी बोलावून सगळे त्यांच्यासमोर करून घेतले. फ्यूज बॅटरीपासून चार बोटांवर आहे. उघड्या पिनेवर आता मायनस आहे, मल्टिमीटरचा फोटो त्याने पाठवला आहे. वायर साइड कव्हरच्या खाचेतून न जाता सांगाड्याच्या मागच्या नळीला पाच ठिकाणी बांधली आहे, आणि सीट लावून, हँडल दोन्ही बाजूंना वळवूनही पाहिले. पडवीच्या सर्किटवर आरसीसीबी नव्हता, तो बसवला. वायरमननी त्यावरचे चाचणीचे बटण आईकडूनच दाबून घेतले आणि महिन्यातून एकदा दाबायला सांगितले.

पहिला चार्ज रविवारी दिवसभर केला. चार्जर काढून रात्रभर गाडी तशीच ठेवली आणि सोमवारी सकाळी १२.७ व्होल्ट दाखवले, म्हणजे बॅटरी जवळजवळ पूर्ण भरलेली होती. चार्जिंगच्या तारखा आईने दारामागच्या कॅलेंडरवर लाल पेन्सिलीने खुणा करून ठेवल्या आहेत. यंदा चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, मी १२ तारखेला पोहोचेन. उरलेल्या चार फ्यूजपैकी दोन साइड कव्हरच्या आत टेपने चिकटवले आहेत आणि दोन ताईंच्या भावासाठी राखून ठेवले आहेत; गुहागरला कसे पोहोचवायचे, ते त्यांनी कळवावे.