जिनिंगच्या पुढच्या जागेत गाळे काढायचेत. 10 की 20? लवकर सांगा

कपाशी_चोपडा
राम राम मंडळी. आमची जिनिंग (कपाशीतून सरकी वेगळी करायची गिरणी) आहे. पुढची एकरभर जागा बरीच वर्षं नुसती पडून आहे, तिथे दुकान लाइन काढायची ठरलीय. ठेकेदार म्हणतो खाली 10, वर 10 गाळे एकदमच काढा, नंतर वरचं बांधायला महाग पडेल. वडील म्हणतात खालचेच बस झाले. पुढच्या आठवड्यात कॉलमचे खड्डे घ्यायचेत. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा. कागदपत्रं क्लिअर आहेत, त्यात शिरू नका.

बापू_अमळनेर
क्लिअर म्हणजे काय क्लिअर? जागा नगरपालिका हद्दीत आहे की ग्रामपंचायतीत? सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 1 (विकायला मोकळी) की 2 (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी)? एनए (बिगरशेती परवानगी) कशासाठी झालंय? गाळे विकणार की भाड्याने देणार? यातलं काहीच लिहिलेलं नाही आणि निघाले खड्डे घ्यायला.

कपाशी_चोपडा
बापू, एनए नसता तर जिनिंग चालली असती का? रस्त्याला लागून जागा आहे. खाली-वरचं बोला ना.

शहाद्याचा_पाटील
वरचे काढू नका. आमच्याकडे वरच्या मजल्यावर एक क्लासवाला आणि एक एलआयसीवाला, बाकी शटरला गंज. तालुक्याच्या गावात गिऱ्हाईक जिना चढत नाही. मोटारसायकल दुकानासमोर लावून बसल्या बसल्या विचारतो, "आहे का?"

रिकामटेकडा_भुसावळ
असं सरसकट नका सांगू पाटील. दवाखाना, पॅथॉलॉजी, कोचिंग सगळं वरच चालतं. फक्त जिना मागून नको, दर्शनी पाहिजे.

शहाद्याचा_पाटील
भुसावळ जंक्शन आहे दादा. तिथलं गणित चोपड्याला लावू नका.

केळी_रावेर
माझं ऐकाल तर गाळ्यांच्या नादी लागूच नका. एक एकर आहे ना? केळीसाठी रायपनिंग चेंबर (केळी पिकवायची थंड खोली) टाका.

बापू_अमळनेर
त्यांनी केळीचं विचारलंय का? कपाशीभाऊ, एनए औद्योगिक असेल तर दुकानांसाठी वापर बदलून घ्यावा लागतो. आणि "रस्त्याला लागून" म्हणजे नेमका कोणता रस्ता? राष्ट्रीय महामार्ग असेल तर शहराबाहेर रस्त्याच्या मध्यापासून साधारण 40 मीटरवर इमारत रेषा (तिच्या आत बांधकाम नाही) आणि 75 मीटरवर नियंत्रण रेषा (तिच्या आत परवानगीनेच) धरतात. म्हणजे तुमच्या "रिकाम्या" जागेतली निम्मी बांधायला मिळेलच असं नाही. शिवाय महामार्गावरून आत वळायला वेगळी परवानगी लागते. नगररचनाकडे नकाशा टाकलाय का?

कपाशी_चोपडा
बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता. नकाशा ठेकेदार बघतोय.

तापीकाठ
आधी सातबारा दखाड भाऊ, मंग 10 का 20 ते बोलुत.

जिनिंगवाल्यांची_सून
माहेर-सासर दोन्हीकडे जिनिंग, म्हणून लिहिते. तुमची जागा पडीक वाटते ती उन्हाळ्यात. दिवाळीनंतर तिथे काय असतं ते आठवा: कपाशीने भरलेले ट्रॅक्टर, टेम्पो, बैलगाड्या, रस्त्यापर्यंत रांग. ती रांग गाळ्यांपुढे उभी राहिली तर दुकानदार भाडं देईल की भांडेल? म्हणून जिनिंगचं गेट दुसऱ्या बाजूने निघतं का ते आधी बघा. तसं निघत नसेल तर 10 काय, 5 गाळेही जड जातील.

दुसरं, आग. रुईला आग एकदा लागली की दिवसभर विझत नाही. लाइनीत वेल्डिंगवाला, फटाक्याचा स्टॉल किंवा भट्टीवाला हॉटेलवाला आला तर तुमचा विमावाला काय म्हणेल? मध्ये भिंत आणि अग्निशामक गाडी फिरेल एवढी मोकळी जागा ठेवाच. आणि पश्चिमेकडे तोंड असेल तर पुढे खोल व्हरांडा काढा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास. दुपारी 2 नंतर शटर तापतं, मेडिकलवाल्याची औषधं खराब होतात.

कपाशी_चोपडा
ताई, गेट एकच आहे. मागे सरकारी नाला. हे मात्र डोक्यात नव्हतं.

सळई_सिमेंट_धुळे
नाल्याला लागून असेल तर पाया नीट घ्या. काळ्या मातीत नुसते खड्डे खणून भागणार नाही, माती तपासणी करा. माझ्याकडे 12 एमएम सळई चांगल्या रेटमध्ये आहे, मेसेज करा.

रिकामटेकडा_भुसावळ
विकून मोकळे व्हा राव. भाडेकरूच्या मागे कोण पळणार?

बापू_अमळनेर
विकायचे असतील तर रेरा (बांधकाम विक्रीवरचा कायदा). जागा 500 चौरस मीटरपेक्षा जास्त आणि गाळे 8 पेक्षा जास्त, म्हणजे नोंदणी आलीच, आणि नोंदणीआधी जाहिरात नाही, बुकिंग नाही. स्वतःकडे ठेवून भाड्याने द्यायचे असतील तर तो त्रास नाही. मग लिव्ह अँड लायसन्स (ठराविक मुदतीचा वापर करार) करा, पण नोंदवूनच करा. जीएसटीची नोंदणी असेल तर व्यापारी भाड्यावर 18 टक्के लागतो, हे भाडं ठरवतानाच सांगा, नाहीतर पहिल्याच महिन्यात वाद.

शहाद्याचा_पाटील
डिपॉझिट मोठं घ्या, भाडं कमी ठेवा. त्यातच बांधकाम निघतं.

जिनिंगवाल्यांची_सून
आणि पाच वर्षांनी डिपॉझिट परत कुठून देणार, पाटील? आमच्याकडे याच्यावरून दोन भाऊ बोलत नाहीत. त्यापेक्षा आधी एखादी बँक किंवा एटीएम ठरवा, मग तिच्या मापाने बांधा. बँकेला तुमचा 10 बाय 20 चा गाळा नको असतो, सलग हॉल लागतो. मधल्या भिंती घातल्यावर हे कळून उपयोग नाही.

कपाशी_चोपडा
ठीक. खड्डे थांबवतो, वडील खूश होतील. एक विचारायचं राहिलं. सातबाऱ्यावर कॅश क्रेडिटचा (बँकेच्या धंद्यासाठीच्या कर्जाचा) बोजा आहे आणि दोन आत्यांची नावं आहेत. त्याने अडतं का काही?

बापू_अमळनेर
!!! "कागदपत्रं क्लिअर" म्हणे. जागा बँकेकडे गहाण आहे, बँकेची लेखी संमती लागेल. आणि आत्या सह्या द्यायला तयार आहेत का?

कपाशी_चोपडा
मोठी तयार आहे. धाकटी सुरतेला असते, तिला अजून सांगितलेलं नाही.

तापीकाठ
मंग आधी सुरतनं तिकीट काढ भाऊ.

केळी_रावेर
सुरतेला निघालातच तर रायपनिंग चेंबरचं मशीन तिथेच बघून घ्या.