प्रति: आळीपाळीपेक्षा लय सांभाळावी

समारंभात डीजेने प्रत्येक पाहुण्याच्या आवडीचे एकेक गाणे आळीपाळीने लावले की कोणीच नाराज होत नाही, हे मत मला पटत नाही. कारण नाचणाऱ्याचे पाय गायक कोण हे कळण्याआधीच लय ओळखतात आणि ती दर चार मिनिटांनी मोडली, की माणसे पुन्हा खुर्च्यांकडे वळतात. एका समारंभात मी नेमके तसेच केले होते आणि तिसऱ्याच गाण्याला समोरची जागा ओस पडली होती.

तेव्हापासून मी फर्माइशी शैलीनुसार नव्हे, तर मिनिटाला किती ठोके पडतात त्यानुसार लावून ठेवतो. डीजेच्या अनेक टर्नटेबलांवर, म्हणजे तबकडी फिरवणाऱ्या यंत्रांवर, वेग ८ टक्क्यांपर्यंतच कमीजास्त करता येतो, त्यामुळे १२० ठोक्यांचे गाणे १२८ च्या गाण्याला जोडता येते, ९५ चे मात्र नाही. (सूर कायम ठेवण्याची सोय नसेल तर वेगाबरोबर आवाजाची पट्टीही चढते, म्हणून ओळखीच्या गळ्याच्या गाण्याला मी ३ टक्क्यांपलीकडे हात लावत नाही.) याउलट ८७ ठोक्यांचे हिप-हॉप १७४ च्या ड्रम अँड बेसमध्ये (वेगवान इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतात) बेमालूम मिसळते, कारण एकाची लय दुसऱ्याच्या बरोबर निम्मी असते, आणि त्या जोडावर ज्येष्ठ मंडळी संथ झुलत असताना तरुण मुले त्यांच्या शेजारीच दुप्पट वेगाने नाचताना मी पाहिली आहेत.