आजीचा तन्मणी पिवळा पडलाय, काय करू?

गुहागरची_लेक:
नमस्कार मंडळी, आजीचा तन्मणी आणि नथ आता माझ्याकडे आलीय. मे महिन्यात भाच्याच्या लग्नात घातलं आणि आल्या आल्या घामेजलेलं तसंच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात डांबरगोळ्यांच्या बाजूला ठेवून दिलं, पावसाळाभर बघितलंच नाही. काल गौरीसाठी काढलं तर मोती पिवळट, मानेकडचे तर एकदम निस्तेज, आणि नथीतला लाल खडा काळवंडल्यासारखा दिसतोय. आजीने हे पन्नास वर्षं वापरलं, आणि माझ्याकडे चार महिन्यांत असं झालं म्हणून जीवाला लागलंय. घरी काही करता येईल का?

आंबेवाला_देवगड:
टूथपेस्ट लावून जुन्या ब्रशने हलकं घास, आमच्याकडे चांदी अशीच चकाचक होते.

सराफाची_सून:
टूथपेस्ट अजिबात नको! चांदीचं वेगळं, मोत्याचं वेगळं. खनिजांचा कठीणपणा मोजायची १ ते १० अशी मोह्स मोजपट्टी असते, तीवर मोत्याचा कठीणपणा २.५ ते ४.५, हिऱ्याचा १०, माणिक-नीलमचा ९. साध्या धुळीत वाळूचे कण असतात ते ७, म्हणजे कोरड्या फडक्याने धूळ पुसली तरी मोत्यावर ओरखडे येतात. मोती शिंपल्यात थरावर थर चढून होतो आणि ते थर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, त्यामुळे घाम, अत्तर, हेअरस्प्रे, लिंबू, व्हिनेगर सगळं त्याला खातं. मानेकडचे मोती आधी का गेले ते त्यातच आलं.

ताई, तू असं कर. मऊ सुती फडकं साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळ आणि एकेक मोती पुस, मग सपाट टॉवेलवर पसरून पूर्ण सुकू दे. ओला असताना टांगायचा नाही, दोरा ताणतो. वरचा मळ असेल तर निघेल, पण थरातच पिवळेपणा उतरला असेल तर जाणार नाही, आणि तो घासून काढायला जाऊ नकोस. मोती पाण्यात बुडवायचा नाही, सराफाकडच्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये तर मुळीच नाही.

नथीला पाणी लावू नकोस. जुन्या बंद कोंदणात खड्याच्या मागे पातळ चमकता पत्रा असतो, आत ओल गेली की तो काळा पडतो आणि वरून खडाच मेल्यासारखा वाटतो. ती कोंदणकाम जाणणाऱ्याकडेच दे.

मालवणची_काकू:
गो बाय, आगळ काढताना मोत्याची अंगठी हातात ठेवून मी एकदा पस्तावलेय. कोकमाच्या आंबटाने दोन दिवसांत वरचं पाणीच गेलं, खडूसारखा दिसायला लागला, आणि तो परत कधी चकाकला नाही. सोलकढी, मासे, लिंबू, काहीही करायच्या आधी अंगठी काढायचीच. पाचूचंही तसंच, त्याला मुळातच बारीक भेगा असतात आणि बऱ्याच पाचूंत तेल भरलेलं असतं, गरम पाणी नि साबण लागला की तेल जातं आणि भेगा दिसायला लागतात.

सराफाची_सून:
काकूंचं अगदी बरोबर. घालायच्या वेळी मोती सगळ्यात शेवटी, पावडर-अत्तर झाल्यावर, आणि घरी आल्यावर आधी मोती उतरवायचे. ठेवताना सुती कापडाची पिशवी, प्लॅस्टिक नको, डांबरगोळ्याही लांब ठेव. आपल्याकडच्या दमट हवेत दोरा लवकर कुजतो म्हणून दोन मोत्यांमधला दोरा काळसर किंवा सैल दिसला तर गाठवून घे, रेशमाचा दोरा, प्रत्येक मोत्यामागे गाठ, म्हणजे तुटला तरी एकच मोती पडेल.

गुहागरची_लेक:
आज दुपारी ओटीवर उजेडात बसून पुसला. ताई, फडक्यावर राखाडी-पिवळा मळ आला आणि पुढच्या मोत्यांचं पाणी परत दिसायला लागलं, बघून डोळे भरून आले माझे. मानेकडचे चार तसेच राहिलेत. आणि दोरा खरंच काळा होता, हलक्या हाताने वाकवला तर एका जागी तुटायलाच आला होता, गौरीत घातला असता तर अंगणात मोती शोधत बसले असते. सोमवारी चिपळूणला जाऊन गाठवायला टाकते आणि नथही घेऊन जाते. यंदा गौरीला आईच्या पुतळ्या घालणार.