मदत हवी आहे: मामांच्या टेपांमधला २००५ चा पूर सापडत नाही, रविवारच्या आत पाहिजे

पेठेतला_भाचा
नमस्कार मंडळी, अर्जंट आहे म्हणून थेट विचारतो. हार्डडिस्कवर २१२ फायली आहेत, नावं नुसती टेप_००१, टेप_००२ अशी, उघडून बघितल्याशिवाय आत काय आहे कळत नाही. मला त्यातला कोल्हापूरच्या २००५ च्या पुराचा भाग पाहिजे, मंडळाच्या प्रदर्शनात लावायचाय, रविवारी उद्घाटन आहे. असं कुठलं सॉफ्टवेअर आहे का की 'पूर' टाकलं की तेवढेच तुकडे येतील? दोन रात्री जागून ११ फायली बघून झाल्या, त्यात ९ लग्नं निघाली. लवकर सांगा प्लीज.

खटपट्या
फायली कसल्या? एव्हीआय का एमपी४? एकेकीची साईझ किती? मूळ टेप व्हीएचएस का मिनी डीव्ही? डिजिटल कुणी केलं, तुम्ही का लॅबनं? यातलं एकही सांगितलेलं नाही, मग उत्तर कसं द्यायचं?

मिसळकट
भावा, सेटटॉप बॉक्सवर रेकॉर्डिंग केलेलं असंल तर पेनड्राईव्ह काढून कॉम्प्युटरला लावून उपयोग नाही, ते लॉक असतंय, त्याच बॉक्सवर चालतंय. मी मॅचचं रेकॉर्डिंग करून बघितलंय. त्यामुळं त्या नादाला लागू नको.

पेठेतला_भाचा
सेटटॉप बॉक्सचा काही संबंध नाही हो. मामा पूर्वी लोकल केबलच्या बातम्यांसाठी शूटिंग करायचे आणि लग्नाच्या ऑर्डरी पण घ्यायचे. मिनी डीव्ही टेप. गेल्या वर्षी एका लॅबला पिशव्या भरून दिल्या, त्यांनी ही डिस्क दिली. काही एव्हीआय, १३ जीबीच्या आसपास एकेक, काही एमपी४ आहेत ती लहान. डिस्कवर फायलींची तारीख बघितली तर सगळ्यांना गेल्या वर्षीचीच आहे.

खटपट्या
हे आधी सांगितलं असतं तर दोन रात्री वाचल्या असत्या. विंडोजमध्ये तयार झाल्याची जी तारीख दिसते ती फाईल कॉपी केल्याची, शूटिंगची नाही. पण एका तासाला १३ जीबी म्हणजे अस्सल डीव्ही आहे, टेपवरचं जसंच्या तसं उतरवलेलं, आणि डीव्हीमध्ये कॅमेरा चित्राबरोबर शूटिंगची तारीख आणि वेळ पण टेपवर लिहितो. मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर घे, सगळा फोल्डर त्यात टाक, रेकॉर्डेड डेट अशी ओळ दिसेल. यादी एक्सपोर्ट करून एक्सेलमध्ये २००५ चे जुलै, ऑगस्ट गाळून घे. पाच मिनिटांचं काम. एमपी४ मध्ये मात्र लॅबनं कन्व्हर्ट करताना ती तारीख गेलेली असणार. लॅबला विचार, मूळ कॅप्चर, म्हणजे टेपवरनं थेट उतरवलेली फाईल, ठेवलीय का.

जुना_केबलवाला
पाच मिनिटांचं काम म्हणू नका. कॅमेऱ्याच्या घड्याळाची बारीक बॅटरी गेली की तारीख मागं जाते आणि धावपळीत कोण सेट करत बसतंय. आमच्या कॅमेऱ्यावर सहा महिने चुकीचं साल पडत होतं. तारीख मिळाली तरी चित्र बघून खात्री करा. त्यावेळी संध्याकाळच्या बातम्यांची टेप मोटारसायकलवरनं कंट्रोल रूमला पोचवायला लागायची, पावसात शर्टाच्या आत धरून. लोक वाट बघत बसायचे, आपल्या गल्लीतलं दिसतंय का म्हणून. पुराच्या दिवसांत तर पाणी कुठवर आलं हे कळायला केबलच्या बातम्याच बघायचे सगळे.

टेक_शाहूपुरी
तारखेच्या मागं कशाला लागताय? आवाजावरनं मजकूर काढणारी एआय मॉडेल आहेत, व्हिस्पर घ्या, फुकट आहे, मराठी पण येतं. रात्रभर लावून ठेवा, सकाळी मजकुरात शोधा.

एडिटटेबल
व्हिस्पर बोललेलं ऐकतं. पुराच्या शूटिंगमध्ये बोलतंय कोण? पाण्याचा आवाज, माणसांचा गलका, होडीवाल्याच्या हाका. बाईट, म्हणजे कॅमेऱ्यासमोर कुणी बोललेले तुकडे, असतील तेवढेच मिळतील, तेही आपल्याकडच्या बोलीत किती ओळखेल सांगता येत नाही. मी मुंबईत न्यूज चॅनलच्या टेप लायब्ररीत काम केलंय. तिथं प्रत्येक टेपचं लॉगिंग व्हायचं: कितव्या मिनिटाला काय दिसतं, जागा कुठली, माणूस कोण, लाँग शॉट का क्लोजअप, बाईट आहे का नुसता परिसराचा आवाज, आणि फुटेज कुणाच्या मालकीचं. शेवटच्या रकान्याशिवाय बाहेर द्यायचं नाही. तुमच्यात लग्नं आहेत, लोकांच्या घरातलं आहे, ते वेगळ्या फोल्डरमध्ये काढा, प्रदर्शनाच्या लॅपटॉपवर नेऊच नका.

ग्रंथपाल_सांगली
वर्णन करायचंच तर पद्धतशीर करा. डब्लिन कोअर नावाचं मानक आहे, १९९५ मध्ये अमेरिकेतल्या डब्लिन गावातल्या बैठकीतून आलं, १५ रकाने: शीर्षक, कर्ता, विषय, वर्णन, तारीख, स्वरूप, हक्क वगैरे. युरोपातल्या प्रसारकांनी त्याच पायावर टीव्हीसाठी ईबीयूकोअर उभं केलं. आज स्वतःच्या मनानं रकाने केलेत तर उद्या ही यादी दुसऱ्या कुणाच्या उपयोगाची राहणार नाही.

खटपट्या
मॅडम, रविवारी उद्घाटन आहे त्याचं. १५ रकाने २१२ फायलींना म्हणजे ३,१८० खाने.

ग्रंथपाल_सांगली
सगळे भरायलाच पाहिजेत असं डब्लिन कोअरमध्ये कुठंच नाही, प्रत्येक रकाना ऐच्छिक आहे. सहा भरा, पण नावं तीच ठेवा. घाईत केलेली यादी वर्षभरानं करणाऱ्यालाच वाचता येत नाही, हे मी रोज बघते.

सुमनताई
अरे पण मामांना विचारलंस का? त्यांनी वही ठेवली असेल की. केबलचं काम करणारा माणूस टेपवर चार शब्द तरी लिहितोच.

पेठेतला_भाचा
ताई, वही नाही, पण मामांनी कॉम्प्युटरवर यादी केली होती. ती उघडली तर सगळी अक्षरं विचित्र दिसतात, इंग्रजी खुणा आणि फुल्या. मला वाटलं फाईल खराब झाली म्हणून सोडून दिली. मामांना आता नीट दिसत नाही, मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय, म्हणून त्रास द्यायचा नव्हता.

जुना_केबलवाला
अहो खराब नाही ती! श्रीलिपीत टाईप केलेली असणार. त्यावेळी सगळे श्रीलिपी नाहीतर कृतीदेव वापरायचे. तो फॉन्ट नसला की असंच दिसतं. युनिकोड कन्व्हर्टरमधनं काढा, पण फॉन्ट कुठला ते ओळखून, नाहीतर जोडाक्षरं बिघडतात.

पेठेतला_भाचा
निघाली!! वाचता येतीय. पण 'पूर' शोधलं तर १४० ओळी आल्या, कारण मामांनी प्रत्येक लग्नापुढं 'कोल्हापूर' लिहिलंय. जयसिंगपूर पण आलंय. आणि टेप नंबर जुळत नाहीत, यादीत ६१ ला महापौर निवड आहे आणि फाईल ६१ मध्ये बारसं.

एडिटटेबल
लॅबनं पिशवीतनं जशा निघाल्या तसे नंबर टाकले असणार. मूळ टेपा आहेत ना? लेबलवर मामांचा नंबर असेल. टेपचा नंबर आणि फाईलचा नंबर असे दोन वेगळे रकाने करा, एकावर दुसरा लिहू नका. 'पूर'च्या जागी 'महापूर' असा एकच शब्द ठरवा आणि सगळीकडं तोच वापरा. मामा कधी 'पाणी आलं' लिहितील, कधी 'पंचगंगा', कधी 'पुर' ऱ्हस्व. शोधताना तुम्हाला एकच शब्द आठवणार आहे.

मिसळकट
फायलींना जेलीफिनमध्ये टाक भावा, आपले व्हिडिओ टीव्हीवर दाखवणारं सॉफ्टवेअर आहे, पोस्टर लावून टीव्हीवर लई भारी दिसतंय.

खटपट्या
जेलीफिन सिनेमांची माहिती नेटवरनं आणतं. याच्या टेपची माहिती नेटवर आहे कुठं?

पेठेतला_भाचा
अपडेट देतो. मीडियाइन्फोत ४ फायली २००५ जुलै-ऑगस्टच्या निघाल्या, त्यातल्या तीन यादीतल्या टेपांशी जुळल्या, चौथी यादीतच नव्हती. काल रात्री मामांशेजारी बसलो. त्यांना चित्र धूसर दिसतंय, पण आवाज ऐकून आणि मी सांगितलं त्यावरनं ते बोलत होते, मी लिहीत होतो. फाईल ८७, ३४ व्या मिनिटाला जामदार क्लबपाशी पाणी, होडीत एक म्हातारी आणि शेळी. मी नुसतं 'होडी' लिहिलं असतं. मामांनी त्या आजींचं नाव सांगितलं, कुठल्या वाड्यातल्या ते सांगितलं, आणि त्या दिवशी कॅमेरा डोक्यावर धरून छातीभर पाण्यातनं गेलो होतो म्हणाले. हे मला आधी माहीतच नव्हतं.
एक अडचण आहे अजून. शेवटच्या फोल्डरमध्ये मोबाईलवरचे पुराचे तुकडे आहेत, व्हॉट्सॲपवरनं आलेले, साल कळत नाही. २००५ चे नाहीत हे नक्की, पण २०१९ का २०२१?

जुना_केबलवाला
पंचगंगेवरचा शिवाजी पूल दिसतोय का कुठं? शेजारी पर्यायी पूल असेल तर २००५ नाही एवढंच कळतं, १९ आणि २१ ला तो होताच. व्हॉट्सॲपच्या फाईलीच्या नावात तारीख असते, पण ती तुम्हाला आल्याची, काढल्याची नाही. फाईल २०१९ मध्येच आली असेल तर मात्र प्रश्न मिटला. नाहीतर दुकानांच्या पाट्या, बॅनर बघा, बॅनरवर साल असतं.

सुमनताई
त्या आजींच्या घरच्यांना विचारल्याशिवाय नाव लावू नकोस रे पाटीवर.

पेठेतला_भाचा
होय ताई, नातू त्याच गल्लीत राहतो, आज संध्याकाळी जातोय. बॅनर बघतो काका. मामा उद्या परत बसायचं म्हणालेत, ८८ पासून.