कास्टिंग सिम्युलेशनसाठी ९९५०एक्स घेऊ की थ्रेडरिपर? बजेट साडेचार लाख

शिरोलीचा_मोल्डर

नमस्कार मंडळी. कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं डिझाइन ऑफिस आहे, मी आणि दोन पोरं. फौंड्रीवाल्यांना गेटिंग-रायझर (साच्यात धातू जायच्या वाटा आणि जादा धातूचे साठे) काढून देतो, सॉलिडिफिकेशन (धातू थिजण्याचं सिम्युलेशन) चालवून श्रिंकेज (धातू आकसून पडणारी पोकळी) कुठं येतंय ते दाखवतो, आणि गेल्या वर्षापासून पंपवाल्यांची फ्लोची कामं पण घ्यायला लागलोय, ती ओपनफोम या फ्लोच्या सॉफ्टवेअरवर. सध्याचं मशीन आय७-९७००, ६४ जीबी डीडीआर४. पंप केसिंगचं रन रात्री टाकलं की ११ तास घेतं, आणि साडेनऊला पार्टीचा फोन हजर, "झालं का हो?"

आता नवीन मशीन घ्यायचंय. एक डीलर म्हणतो रायझन ९ ९९५०एक्स घ्या, १६ कोअर बास आहेत. दुसरा म्हणतो सिम्युलेशन म्हटल्यावर वर्कस्टेशनचाच प्रोसेसर पाहिजे, थ्रेडरिपर ७९६०एक्स, २४ कोअर. प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम मिळून दोघांच्या कोटेशनात दीड लाखाच्या वर फरक आहे. २४ कोअर म्हणजे १६ पेक्षा दीडपट वेगानं काम होणार का? तसं असेल तर पैसे घालायची तयारी आहे, पण उगाच "वर्कस्टेशन" नावाला भुलून जायचं नाही. वापरणाऱ्यांनी सांगा.

फुकट_सल्ला

९९५०एक्स घे, उरलेल्या पैशात भारी ग्राफिक्स कार्ड टाक. विषय संपला.

मेश_पुणेकर

विषय संपला नाही, अजून सुरूच झालेला नाही.

मोल्डर, आधी दोन गोष्टी सांगा. एक, कास्टिंगच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स किती कोअरचं आहे? दोन, सगळ्यात मोठ्या रनला रॅम किती भरते? या दोन्हीशिवाय प्रोसेसर सुचवणं म्हणजे पेशंट न बघता औषध देणं.

लायसन्सचं का विचारतोय तर आमच्याकडे झालेला प्रकार सांगतो. अ‍ॅन्सिस मेकॅनिकलच्या साध्या लायसन्सवर सॉल्व्हर (प्रत्यक्ष गणित करणारा भाग) ४ कोअर वापरतो, एक एचपीसी पॅक (जादा कोअरचं लायसन्स) घेतला की आणखी ८, म्हणजे १२. आमच्या साहेबांनी ३२ कोअरचं मशीन आणलं, पेढे वाटले, आणि टास्क मॅनेजर उघडला तर २० कोअर निवांत बसलेले. त्या पैशात अजून एक पॅक आला नसता हे खरं, पण निम्म्या पैशात तेवढंच काम करणारं मशीन आलं असतं.

शिरोलीचा_मोल्डर

लायसन्स ८ कोअरचं आहे. हे मी डीलरला सांगितलंच नव्हतं आणि त्यानं विचारलंही नाही. ओपनफोम फुकट, त्याला बंधन नाही. रॅमचं म्हणाल तर पंपाचा मेश (मॉडेलचे बारीक तुकडे, एकेक तुकडा म्हणजे सेल) २ कोटी सेलच्या आसपास जातो तेव्हा तीसेक जीबी भरते, कास्टिंगला त्याहून कमी.

मेश_पुणेकर

मग अर्धं उत्तर तुमच्याच खिशात आहे. कास्टिंगचं काम ८ कोअरच्या पुढं जाणारच नाही, तिथं २४ काय आणि ६४ काय. तिथं एकेक कोअर किती जोरात पळतो ते महत्त्वाचं, आणि त्यात साधा डेस्कटॉपवाला पुढं आहे. ९९५०एक्स ५.७ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, ७९६०एक्स ५.३ पर्यंत, वर ९९५०एक्स एक पिढी नवा. मॉडेलिंग करताना फिलेट मारला की जे चक्र फिरत बसतं ना, ते बहुतेक एकाच कोअरवर चाललेलं असतं, ते थ्रेडरिपरवर लवकर थांबेल अशी आशा नको.

पण ओपनफोमची गोष्ट वेगळी आहे आणि इथं लोक कोअर मोजून फसतात. फ्लोचा सॉल्व्हर प्रत्येक सेलवर हिशेब थोडा करतो आणि त्यासाठी रॅममधून डेटा मात्र खंडीभर उचलतो. कोअर वाढवले तरी रॅमकडून येणारा रस्ता तेवढाच. डेस्कटॉपला मेमरीचे चॅनल दोन, थ्रेडरिपर ७९६०एक्सला चार, थ्रेडरिपर प्रो घेतला तर आठ. आकड्यात सांगतो. तुमच्या ९७०० ला डीडीआर४-२६६६ चे दोन चॅनल म्हणजे सेकंदाला ४२ जीबीच्या आसपास. ९९५०एक्सला डीडीआर५-५६०० म्हणजे ८९. ७९६०एक्सला डीडीआर५-५२०० चे चार, म्हणजे १६६. हे कागदावरचे आकडे, प्रत्यक्षात थोडे कमी मिळतात, पण प्रमाण हेच.

म्हणजे थ्रेडरिपर फ्लोमध्ये खरंच पुढं जाईल, पण कोअर दीडपट आहेत म्हणून नाही, तर चॅनल दुप्पट आहेत म्हणून. आणि ९९५०एक्सवर ओपनफोमला १६ च्या १६ कोअर लावून बघितलेत तर ८ आणि १६ मध्ये फार फरक दिसणार नाही, तेव्हा प्रोसेसर खराब निघाला म्हणून डीलरशी भांडू नका.

माझं ऐका, आत्ताच्या मशीनवर एक टेस्ट करा. एकच केस १, २, ४, ६, ८ कोअरवर १०० इटरेशन (सॉल्व्हरच्या फेऱ्या) चालवा, फक्त वेळ लिहून घ्या. कास्टिंगचंही तसंच.

जुना_झिऑन

भावा एवढे पैसे कशाला घालवतोस. जुन्या दोन सॉकेटच्या वर्कस्टेशन मिळतात कंपन्यांतून निघालेल्या, दोन झिऑन ई५-२६८० व्ही४ टाकलेल्या, १४ अधिक १४ अठ्ठावीस कोअर, प्रत्येक सॉकेटला चार चॅनल डीडीआर४-२४०० म्हणजे दोन्ही मिळून १५३ जीबी, तुझ्या नव्या थ्रेडरिपरच्या जवळ जातंय, आणि किंमत ऐकलीस तर हसशील. खऱ्या ईसीसी (चूक स्वतःच दुरुस्त करणाऱ्या) रॅमसकट. मी तीन वर्षं चालवतोय, एकदा पण निळी स्क्रीन नाही.

मेश_पुणेकर

हिशेब बरोबर आहे, ओपनफोमच्या बाबतीत जुन्या झिऑनला हसू नये. पण तो २०१६ चा प्रोसेसर आहे, टर्बोला ३.३ गिगाहर्ट्झ. मोल्डर त्यावर मॉडेलिंग करायला बसले तर आत्ताच्या ९७०० ची आठवण काढून रडतील. विंडोज ११ च्या अधिकृत यादीतही तो बसत नाही. कोपऱ्यात लिनक्स टाकून फक्त सॉल्व्हर म्हणून ठेवायचा असेल तर मात्र बेस्ट.

जुना_झिऑन

मी तसाच ठेवलाय, माळ्यावर. घरात ठेवला तर बायको म्हणते विमान उतरतंय का.

ऑरेंज_सिटी

इंटेलचं कोणी नावच घेऊन नाही राहिलं. १४९००के ला २४ कोअर आहेत ना भाऊ, आणि ९९५०एक्सपेक्षा स्वस्त पडते.

मेश_पुणेकर

२४ आहेत, पण त्यातले ८ मोठे आणि १६ छोटे. ओपनफोम मेशचे सारखे तुकडे करून प्रत्येक कोअरला एक देतो, आणि सगळ्यांचं झाल्याशिवाय कोणीच पुढं सरकत नाही. खोंडाच्या जोडीला म्हातारा बैल जुंपल्यासारखं होतं, औत म्हाताऱ्याच्याच चालीनं चालतं. फक्त ८ मोठे कोअर वापरा म्हटलं तर चालतं, पण मग २४ चे पैसे का दिले. शिवाय १३व्या-१४व्या पिढीत व्होल्टेजचा घोळ झाला होता, २०२४ च्या ऑगस्टपासून मायक्रोकोडचे अपडेट आले आणि इंटेलनं वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. घेतलाच तर आधी बायोस अपडेट, मग बाकी सगळं.

ऑरेंज_सिटी

बरोबर आहे. माझी एक गोष्ट ऐकून घ्या मग, थ्रेडरिपर घेणाऱ्यांसाठी. तो प्रोसेसर ३५० वॅटचा आहे. आमच्या इकडे मे महिन्यात ४५ डिग्री असते, कूलर फिरवून काही होत नाही, त्या खोलीत एसी लागतेच. मित्राच्या ऑफिसात मशीनच्या मागं हात ठेवला तर लग्नातल्या आचाऱ्याच्या भट्टीजवळ उभं राहिल्यासारखं वाटलं. मशीनचं बिल एकदाच येते, एसीचं दर महिन्याला.

चहा_दोनकट

मी ७९६०एक्सवालाच आहे, व्हिडिओ आणि ३डीचं काम, दोन ग्राफिक्स कार्डं, म्हणून घेतला. माझी फजिती लिहितो म्हणजे कोणाचे तरी दोन दिवस वाचतील.

या बोर्डला रजिस्टर्ड रॅम लागते, आरडीआयएमएम. दुकानदारानं बिलावर "डीडीआर५ ईसीसी" लिहिलं आणि चार स्टिक हातात दिल्या. घरी येऊन पहिली स्टिक स्लॉटमध्ये ठेवली तर बसेना. वाटलं नवीन बोर्ड आहे, कडक असेल, जरा जोर लावला. दुसऱ्यांदा जोर लावताना कुईं असा आवाज आला आणि घाम फुटला. टॉर्च मारून बघितलं तर स्टिकची खाच आणि स्लॉटमधला दात एका रेषेत नव्हतेच. डीडीआर५ मध्ये साधी आणि रजिस्टर्ड यांची खाच मुद्दाम वेगळ्या जागी ठेवलीय, ईसीसी असली तरी साधी ती साधीच. दुकानदार म्हणाला पाकीट फोडलंय, परत घेणार नाही. तीन दिवस वाद घालून निम्मी किंमत सोडवली.

मग खरी रॅम आली, बसवली, बटण दाबलं, पंखे फिरले आणि स्क्रीन काळी. पाच मिनिटं काळी. आता बोर्डच गेला असं धरून मी चहा ठेवायला उठलो, परत आलो तर बायोस समोर. पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅम तपासून जुळवून घेतो, त्याला वेळ लागतो. ९९५०एक्सच्या बोर्डलाही हे होतं, त्यामुळे पहिल्या वेळी मध्येच बटण दाबून बंद करू नका.

आणि २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव जे भडकलेत ते बघून घ्या. चार चॅनलचा फायदा पाहिजे तर चारही स्लॉट भरावे लागतात, दोन स्टिक टाकून "नंतर बघू" म्हटलं तर दीड लाख जास्त देऊन डेस्कटॉपच घरी आणल्यासारखं आहे.

शिरोलीचा_मोल्डर

टेस्ट केली, रविवार त्यातच गेला. पंप केसिंग, १०० इटरेशन: १ कोअर २४ मिनिटं, २ ला १३, ४ ला ८, ६ ला ७, आणि ८ ला पण ७. म्हणजे सहाच्या पुढं काही हललंच नाही! आणि मी वर्षभर आठ कोअर लावून खूश होतो. कास्टिंगचं उलटं, २ कोअर ९६ मिनिटं, ४ ला ५२, ८ ला ३१. तिथं कोअर खरंच राबतायत.

मग जॉब रजिस्टर काढलं. गेल्या वर्षात कास्टिंगची कामं ४१, पंपाची ६. दीड लाख त्या ६ साठी घालायचे का हा प्रश्न आहे. क्लाउडवर मशीन भाड्यानं घेऊन बघू म्हटलं, पण मोठी पार्टी म्हणाली ड्रॉइंग ऑफिसच्या बाहेर जाता कामा नये, तसं सही करून दिलंय.

मेश_पुणेकर

आकडे अगदी पुस्तकात छापल्यासारखे आलेत. ९७०० ची मेमरी सहा कोअरला संपली.

मग असं बघा. ९९५०एक्सवर ११ तासांचं रन ५-६ तासांवर येईल, थ्रेडरिपरवर ३ च्या आसपास. आता विचार करा, रात्री टाकलेलं रन पहाटे ४ ला संपलं काय आणि १ ला संपलं काय, तुम्ही बघणार सकाळी साडेनऊलाच. ५-६ तास म्हणजे दिवसा एक आणि रात्री एक अशी दोन डिझाइनं बसतात, आत्ता एकच बसतं. थ्रेडरिपरवर दिवसाला चार-पाच बसतील, पण तेवढी डिझाइनं बदलून द्यायला तुमच्याकडे माणूस आहे का? पंपाची कामं ६ ची ३० झाली तर गोष्ट वेगळी.

ग्राफिक्स कार्ड एक आणि एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) दोन एवढंच लावणार असाल तर ९९५०एक्सच्या २४ लेन (कार्ड आणि डिस्क जोडायचे रस्ते) पुरतात, थ्रेडरिपरच्या लेनचा मोह नको.

एकच ताकीद. रॅम दोन स्टिकमध्ये घ्या, ४८ च्या दोन, ९६ जीबी. चार स्टिक लावल्या की या प्लॅटफॉर्मवर अधिकृत स्पीड ५६०० वरून थेट ३६०० वर येतो, म्हणजे ८९ चे ५७ जीबी. डीलर हमखास म्हणणार "२४ च्या चार घ्या, स्वस्त पडतात". ऐकू नका.

फुकट_सल्ला

म्हणजे ९९५०एक्सच ना? मी काय म्हणत होतो?

मेश_पुणेकर

आपण ग्राफिक्स कार्ड म्हणत होतात. ते यांच्या सॉल्व्हरला लागतच नाही.

शिरोलीचा_मोल्डर

भांडू नका रे 😄 ठरलं, ९९५०एक्स आणि ४८ च्या दोन. डीलरला फोन केला तर खरंच म्हणाला चार स्टिक घ्या सर, ऑफर आहे! पुणेकर, नादच खुळा.

जुना_झिऑन, तुमचं माळ्यावरचं मशीन पण डोक्यात ठेवलंय, पंपाची कामं वाढली तर तसलं एक फक्त सॉल्व्हरला आणीन, ते ऑफिसच्या आतच राहील म्हणजे पार्टीपण खूश.

शेवटचं एक. आमच्या लाइनला फर्नेस चालू झाली की व्होल्टेज नाचतं. १ केव्हीएचा यूपीएस आहे, तो चालेल का?

ऑरेंज_सिटी

केव्हीए नको बघू भाऊ, मागच्या स्टिकरवर वॅट किती लिहिलेत ते बघ. १ केव्हीएचे बरेच यूपीएस ६०० वॅटचेच असतात. ९९५०एक्स फुल लोडला एकटा २३० पर्यंत ओढते, कार्ड कोणतं आहे?

शिरोलीचा_मोल्डर

कार्ड जुनंच, १२० वॅटचं. स्टिकरवर ६०० आहे. बॅटरी मात्र २०२१ ची.

ऑरेंज_सिटी

मग यूपीएस राहू दे, बॅटरी बदल. आणि रन चालू असताना मध्ये-मध्ये सेव्ह होईल असं लावून ठेव.